कोरोनेटमधलं शेवटचं रीळ

१

फेनसाहेब मला मेलेले दिसले तेव्हा माझ्या हातात त्यांच्याच चहाचा ट्रे होता. चहाचा थेंबही सांडला नाही याचं मला आजही नवल वाटतं. मी ट्रे टेबलावर ठेवला, कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे वळवला, रोज वळवायचे तसा, आणि मग किंचाळले.

मी नेली टॅटरसॉल. लग्न होऊन लिव्हरपूलहून ब्रॅकनशॉला आले तेव्हापासून कोरोनेट टॉकीजची तिकीटखिडकी माझ्याकडे. नवरा गेला, लढाई आली नि गेली, राजेसुद्धा बदलले, खिडकी माझीच राहिली. तरी या गावात मी अजून बाहेरचीच. इथल्या मातीत पणजी पुरल्याशिवाय हे लोक कुणाला आपलं म्हणत नाहीत.

सत्तेचाळीस सालचा जुलै, शुक्रवारची दुपार. भोंगे झाले, गिरण्या थांबल्या, वेक्सची, म्हणजे गिरणगावांची वर्षाची सुट्टी लागली. आता आठवडाभर गावात एक माग हलणार नव्हता. सकाळच्या गाड्यांनी अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाणार, दरवर्षी जातं तसं. धुराडी थंडावली की आमच्याकडचं आभाळ एकदम उघडं पडतं आणि गावाभोवतीचे काळे डोंगर जवळ सरकल्यासारखे दिसतात. लोक म्हणतात, काय छान हवा पडलीय. मला मात्र त्या शांततेत दरवर्षी धडधडतं.

त्या दुपारचा खेळ दोन्ही गिरण्यांच्या साळखात्यांनी आपल्यापुरता राखून ठेवला होता. मागावर काम करणारे सोडून आत दुसरं चिटपाखरू नाही. बोलपट 'बंदरावरचा दिवा'. त्या वर्षी त्याने देशाला रडवून सोडलं होतं. आमच्याकडे पाचवा आठवडा, तरी रांग खाटकाच्या दुकानाला वळसा घालून जायची. शेवटच्या रिळात नायिका दिव्यापाशी उभी राहून बुडालेल्या नवऱ्याशी बोलते. पडदाभर तिचा चेहरा, दुसरं काही नाही.

रांगेतल्या बायका काचेच्या दाराबाहेर उभ्या राहून एकमेकींशी नुसती तोंडं हलवत होत्या. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेला. तिथे कान असून नसून सारखे, ओठांवरूनच समजून घ्यायचं. ती खोड बाहेरही सुटत नाही. एक भवानी माझ्याकडे बघून, "नेलीची टोपी बघ, कोंबडी बसलीय अंड्यावर," असं म्हणाली. एवढं आता मलाही कळतं. मी तिला बाल्कनीतली खांबामागची खुर्ची दिली.

शेवटचं रीळ लागायच्या सुमाराला फेनसाहेब जिन्यावरून खाली आले. "नेली, चहा. खेळ सुटायच्या आत," असं रोजचंच बोलून परत वर गेले. तो जिना माझ्या खिडकीशेजारून सुरू होतो. समोर दाराशी आमचा दरवान ट्युनिक्लिफ, छातीभर पदकं लावून. त्यानंतर मी ट्रे घेऊन चढेपर्यंत त्या जिन्याने ना कुणी चढलं ना उतरलं, हे आम्ही दोघांनी शपथेवर सांगितलंय. वर फक्त एक बोळ आहे. त्यात साहेबांची खोली, बाल्कनीचं दार, आणि ऑपरेटरच्या केबिनला जाणारा लोखंडी जिना.

साहेब टेबलावर पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू बघवत नव्हती. खाली गालिच्यावर एक जड पाना पडला होता आणि त्याच्या दांड्यावर खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं होती. ती कोरली जाताना मी शेजारी बसून वाटाणे सोलत होते. पाना आमच्या ऑपरेटरचा होता, विल्फचा. विल्फ म्हणजे माझ्या मेलेल्या बहिणीचा मुलगा.

२

विल्फला मी तो मांडीएवढा असल्यापासून वाढवलं. लिव्हरपूलच्या गोदीत बहीण नि मेव्हणा एकाच तापात गेले आणि पोरगं माझ्या पदरात आलं. माझं दुसरं कुणी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मी थंड डोक्याने सांगतेय असं कुणी समजू नये.

त्याच दिवशी सकाळी विल्फचं आणि साहेबांचं जुंपलं होतं. कारण डोरिस. डोरिस बॅटरी घेऊन अंधारात लोकांना जागा दाखवते, आणि सप्टेंबरात ती आमच्या घरची सून व्हायची होती. साहेबांनी तिच्या कमरेभोवती हात टाकला. मेल्यावर कुणाला वाईट बोलू नये म्हणतात, पण त्या हाताची ख्याती गावभर होती. विल्फने सगळ्यांदेखत त्यांना भिंतीशी दाबलं आणि म्हणाला, "परत हात लावलात तर तो हात तुमच्या खांद्याला राहायचा नाही." आता असं बोलल्यावर दुसऱ्या कुणाचं नाव पुढे येणार?

संध्याकाळचा खेळ रद्द झाला. सार्जंट क्रॅबट्रीने आम्हाला लॉबीत उभं करून विचारलं, "खेळ चालू असताना आत काही गडबड? दंगा? आरडाओरडा?"

डोरिस म्हणाली, "नाही साहेब. चर्चमध्ये बसल्यासारखे होते सगळे. हूं की चूं नाही." मीही तेच सांगितलं, ट्युनिक्लिफनेही. डोरिसला विल्फने घरी पोचवलं, वाटभर ती साहेबांबद्दलच बोलत होती, आणि सकाळी ती आपल्या आईबरोबर गाडीत बसली. तो रविवारी जाणार होता.

सकाळी स्टेशनवर ट्रंका, बादल्या, फावडी, रडकी मुलं यांची एकच झुंबड उडाली आणि मग गाव रिकामं झालं. इतकं रिकामं, की आमच्या गल्लीत पोलिसांच्या बुटांचा आवाज दोन वळणं आधी ऐकू आला.

"विल्फ्रेड बार्लो," क्रॅबट्री दारात म्हणाला, "शेवटचं रीळ चालू असताना तू कुठे होतास?"

"केबिनमध्ये. दुसरीकडे कुठे असणार?" विल्फच्या तोंडात अजून पावाचा घास होता. "हलायला फुरसत कुठे होती? रीळ लावलं आणि आवाज गेला. यंत्रातला आवाजाचा छोटा दिवा उडाला. दुसरा लावला तर तोही फुटका. एका डोळ्याने रीळ सांभाळत तारा जोडत बसलो. हे बघा, बोटं भाजलीयत. शेवटपर्यंत आवाज आलाच नाही."

सार्जंट माझ्याकडे वळला. "बाई, आवाज गेला की लोक काय करतात हो?"

मी काय सांगणार? शनिवारच्या पोरांच्या खेळाला फिल्म नुसती अडखळली तरी लाकडी बूट असे आपटतात की लॉबीतलं झुंबर हलतं. हॉलची दारं दुहेरी आहेत, आत कातडी गाद्या ठोकलेल्या. पडद्यावरचं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. पण बुटांचा नि शिट्ट्यांचा दंगा ऐकू न यायला माणूस मेलेलाच हवा.

"दंगा करतात," मी म्हणाले.

"आणि काल झाला?"

"नाही," मी म्हणाले.

"तुमचे असिस्टंट मॅनेजर, लोमॅक्ससाहेब, ते रीळ बाल्कनीत उभे राहून बघत होते. ते म्हणतात, आवाज खणखणीत होता. शब्द न् शब्द ऐकला." क्रॅबट्रीने बेड्या काढल्या. "चल रे."

विल्फने घास गिळला आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, आवाज गेला होता गं," एवढंच म्हणाला.

३

मॅजिस्ट्रेटलाही ब्लॅकपूलची गाडी गाठायची होती. त्याने उभ्या उभ्या विल्फला मोठ्या जेलमध्ये पाठवायचा हुकूम केला. या देशात खुनाला फाशी, दुसरं काही नाही. मी कोरोनेटमध्ये जाऊन माझ्या खिडकीमागे बसले. घरी बसवेना म्हणून.

तेवढ्यात एक धिप्पाड माणूस काचेचं दार ढकलून आत आला. चुरगळलेला रेनकोट, तोंडात पेपरमिंटची गोळी. प्रेस्टनहून आलेला इन्स्पेक्टर ऑर्मरॉड. पहिल्या लढाईत तोफेने त्याचे कान फोडले होते. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून बोलावं लागे, असं ट्युनिक्लिफ मला सांगत होता. तो जिन्यापाशी उभा राहून छत बघत बसला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी काचेमागे, ओठातल्या ओठात पुटपुटले, "पोराच्या मानेत दोर अडकलाय आणि पाठवलाय कोण, तर हा बहिरा खोंड."

त्याची नजर कधीच छतावरून उतरून माझ्या तोंडावर आली होती. "बहिरा खरा, बाई," तो म्हणाला. "खोंड घरी ठेवून आलोय."

तो हसला नाही, पण रागावलाही नाही. "तुमचा कोण लागतो?"

"मुलगाच समजा."

"मग मला घाईने काही करता यायचं नाही," तो म्हणाला. हे बोलणं मला तेव्हा उलटंच वाटलं.

त्याने आधी ट्युनिक्लिफला गाठलं. म्हातारा ताठ उभा राहिला. "पोरगं तापट आहे साहेब, खोटं कशाला बोलू? पण मागून डोक्यात घालणारा नाही. तो समोरून मारेल, आणि मारल्यावर स्वतःच डॉक्टरला बोलावून आणेल."

"मग मागून मारणारा कोण आहे इथे?"

ट्युनिक्लिफने मिशी चावली. "तसं मी कसं सांगू? एक मात्र सांगतो. आमचे असिस्टंट मॅनेजर लोमॅक्ससाहेब. लंडनकडून येऊन दोनच महिने झालेत. विमानदलाचा टाय लावतात, जर्मनीवर बॉम्ब टाकल्याच्या गोष्टी सांगतात. मी विचारलं, कुठल्या तळावर होता? एकदा एक सांगितलं, पुढच्या वेळी दुसरंच. वैमानिक बायकोचं नाव विसरेल, तळाचं नाही. काल सकाळीच हे फेनसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बघतो त्याच्याकडे."

"आणि बघितलं?"

"बघायच्या आत मेले की, साहेब."

लोमॅक्स बाल्कनीच्या मागच्या कठड्याशी आमची वाट बघत होता. तरुण, देखणा, काळा कोट, केसांना चमकदार तेल. मी पाणी द्यायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळले. बायकांना भुरळ पडावी असं त्याचं बोलणं होतं.

"मी रोज इथे उभा राहून शेवटचं रीळ बघतो, इन्स्पेक्टर. सवयच लागलीय. काल तर सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं. ती म्हणते ना, 'दिवा मी विझवणार नाही, तू हवं तर अंधारातून ये', तिथे तिचा आवाज कापतो. माझ्या अंगावर काटा आला. काल तर सगळ्यात जास्त."

"आवाज स्वच्छ होता?"

"पाण्यासारखा. त्या बिचाऱ्या ऑपरेटरला वाचवावं असं मलाही वाटतं, पण आवाज गेला होता असं कसं म्हणू?" त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. ती दया मला चपराकीसारखी लागली.

"आणि या दारातून बोळात कुणी गेलं?"

"कुणीही नाही. मी दाराला पाठ लावूनच उभा होतो."

मी मनात हिशेब केला. जिन्याने कुणी नाही, बाल्कनीतून कुणी नाही. उरला केबिनचा लोखंडी जिना. त्या गोड बोलण्याने माझ्या विल्फभोवती चारही भिंती उभ्या केल्या होत्या.

४

जेलची गाडी यायच्या आत ऑर्मरॉडने मला चौकीच्या कोठडीपाशी नेलं. विल्फ बाकावर बसला होता. बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या. ते बघून मला कळलं की हे लोक त्याला फाशीचाच कैदी समजताहेत.

"माझ्याकडे तोंड करून बोल," ऑर्मरॉड म्हणाला. "आवाज गेल्यावर खेळ थांबवला का नाहीस?"

"साहेबांचा हुकूम होता. आग लागली तरच थांबवायचं. मी त्यांना आतल्या फोनवर फोन केला, दोनदा. घंटा वाजत राहिली, कुणी उचललाच नाही."

त्या वेळी फोनशेजारी टेबलावर काय पडलं होतं, ते तिघांच्याही डोळ्यांपुढे आलं असावं.

"लोक बूट आपटताहेत हे तुला ऐकू आलं?"

"केबिनमध्ये मशीनशिवाय काही ऐकू येत नाही, साहेब. मला वाटलं, आपटत असतील. शिव्या घालत असतील." त्याने केस मुठीत धरले. "काल रात्री मीच विचार करत होतो. आवाज नाही म्हणजे नाही, पूर्ण रीळभर. आणि खाली उतरलो तर एकानेही मला छेडलं नाही. कुणी म्हणालं नाही, काय रे, मुका सिनेमा दाखवलास? मला वेड तर नाही लागलं, मावशी?"

हे ऐकून मी खचलेच. पण ऑर्मरॉडच्या तोंडातली गोळी थांबली. तो हळूच म्हणाला, "खेळ कुणासाठी होता म्हणालात, बाई?"

"साळखात्यांचा. सगळे माग चालवणारे."

"सगळे? दुकानदार, कारकून, पोरंटोरं कुणी नाही?"

"एकही नाही."

"आणि ते आत्ता कुठे आहेत?"

"ब्लॅकपूलला. गावात मांजरं नि पोलीस उरलेत."

त्याने घड्याळ बघितलं आणि टोपी घातली. "चला. मला त्यांचे चेहरे माहीत नाहीत, तुम्हाला आहेत. आणि तिथे एक गोष्ट पाळायची. तुमचा पोरगा अडकलाय हे मी सांगेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. एक शब्द आधी बोललात, तर वकील म्हणेल की मावशीने पढवलं."

५

ब्लॅकपूलला वारा सुटला होता. समुद्र मागे हटला होता आणि ओल्या वाळूवर माणसंच माणसं, पण थंडीने कुणी पाण्याकडे जात नव्हतं. ब्रॅकनशॉचे लोक दरवर्षी एकाच धक्क्याजवळ खुर्च्या मांडतात. घरी शेजारी राहणारी इथेही शेजारीच बसतात. सुट्टीत नव्या माणसाची ओळख व्हायची आफत नको.

कोंबडीवाली भवानी पहिली दिसली. तिचं नाव ॲग्नेस. "अगंबाई, नेली! टोपी तीच का?"

तिच्या पलीकडे डोरिस शिंपले निवडत बसली होती. मला बघून उठली. "मावशी! विल्फ कुठाय? उद्या येणार होता ना?" माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. मी नुसती मान हलवली. ऑर्मरॉड वाळूत मधोमध बसला, रेनकोटसकट.

"मी पोलीस आहे, बायांनो. काल गोंधळ झाला, तुमचा सिनेमाही त्यात वाया गेला असेल. शेवट कसा काय वाटला?"

"वाया कशाला जाईल? रडून रडून जीव गेला," एक म्हणाली.

"ती दिव्याशी बोलते ते फारच छान," दुसरी म्हणाली.

माझ्या पायाखालची वाळू खरोखरच सरकतेय असं वाटलं. सगळ्या तेच म्हणत होत्या जे लोमॅक्स म्हणाला होता. म्हणजे विल्फ खोटं बोलला? मी डोळे मिटले.

तेवढ्यात ॲग्नेस नाक उडवून म्हणाली, "तिचा आवाज तेवढा ऐकायचा राहिला. गोड आहे म्हणतात."

ऑर्मरॉड हलला नाही. "राहिला म्हणजे?"

"अहो, रीळ लागलं नि आवाजच गेला ना! ती नुसतं तोंड हलवत होती."

"मग तुम्ही ओरडला नाहीत? बूट आपटले नाहीत?"

दहाबारा बायका त्याच्याकडे बघत राहिल्या, खुळ्याकडे बघावं तशा. "ओरडायचं कशाला?" ॲग्नेस म्हणाली. "चेहरा पडदाभर होता की. एक शब्द सुटला नाही. उलट बरंच झालं, आमच्या मागे ते खोकणारं म्हातारं आहे, त्याचा खोकला मध्ये येतो तो आला नाही. म्हणजे आला असेल, पण आम्ही ऐकतच नव्हतो ना."

"माझी बायको जाईपर्यंत साळखात्यात होती," ऑर्मरॉड म्हणाला. "कान गेल्यावर तिनेच मला ओठ वाचायला शिकवलं. तरी मला हे आधी सुचलं नाही. आज तुमच्या ऑपरेटरने सांगितलं तेव्हा सुचलं." मग त्याने विचारलं, "बाल्कनीत मागे काळ्या कोटातला एक माणूस उभा होता?"

"खांबाच्या मागे मीच होते, नेलीच्या कृपेने," ॲग्नेस म्हणाली. "शेवटचं रीळ लागायच्या जरा आधीपर्यंत होता. मग मानेवर वारा लागला, दार उघडल्याचा. वळून बघितलं तर नव्हता. शेवटी दिवे लागले तेव्हा परत उभा, केस नीट करत."

डोरिस मघापासून माझ्याकडेच बघत होती. "मावशी," ती म्हणाली, "हे विल्फबद्दल का विचारताहेत?"

ऑर्मरॉडने मान हलवली, आता सांगा म्हणून. मी सांगितलं. तिच्या ओच्यातले शिंपले वाळूत पडले. "पण मला सार्जंटने आवाजाचं विचारलंच नाही," ती परत परत म्हणत राहिली. "दंगा झाला का म्हणून विचारलं. दंगा नव्हताच झाला!"

मी तिला छातीशी धरलं आणि तिथे वाळूत बसून दोघी हमसाहमशी रडलो. ॲग्नेसने मुकाट्याने स्वतःची शाल आमच्यावर टाकली.

६

रविवारी दुपारी ऑर्मरॉडने लोमॅक्सला बाल्कनीत बोलावलं. दाराशी क्रॅबट्री उभा होता, चेहरा पाडून. मलाही थांबायला सांगितलं. रिकाम्या थिएटरात शिळ्या धुराचा आणि ओल्या कोटांचा वास भरून राहिला होता.

"परत एकदा सांगा, लोमॅक्स. सही घ्यायची आहे. शेवटचं रीळ?"

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत इथे होतो."

"आणि तिचा आवाज?"

"सांगितलं ना. कापतो, तिथे माझ्या अंगावर काटा येतो."

"शुक्रवारी त्या रिळाला आवाज नव्हता," ऑर्मरॉड म्हणाला. "एका शब्दाचाही नाही."

लोमॅक्स मोठ्याने हसला. "कोण म्हणतं? ऑपरेटर? अहो, हजार माणसं होती आत! आवाज गेला असता तर खुर्च्या उखडल्या असत्या. शिट्ट्या, बूट, काय काय झालं असतं! चूं तरी ऐकू आली का कुणाला?"

"नाही," ऑर्मरॉड म्हणाला. "नेलीबाईंना आली नाही. ट्युनिक्लिफला आली नाही. त्यावरून ते धरून चालले की आवाज शाबूत होता. ते दोघे बाहेर होते. पण आत असलेला माणूस लोकांच्या दंग्यावरून कशाला ठरवेल? त्याला पडद्यावरूनच कळेल. मग तुम्ही दंग्याचा हिशेब का मांडता?"

लोमॅक्सचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"ब्लॅकपूलला संध्याकाळपर्यंत चाळीस जणींनी मला सांगितलंय. आवाज गेला आणि त्या ओठ वाचत गप्प बसल्या. मागावरची माणसं आहेत ती. लंडनच्या माणसाला हे स्वप्नातही आलं नसतं. तुम्ही बोळात होतात. कान लावून बसला होतात, कुणी येतंय का म्हणून. सगळं शांत, म्हणजे खेळ नीट चाललाय. बोलपट तुम्हाला पाठ होताच."

"हा नुसता तर्क आहे."

"फोन दोनदा वाजला," ऑर्मरॉड तसाच हळू बोलत राहिला. "तुम्ही त्याच्याकडे बघत उभे राहिलात. कल्पना येते मला. उचलायची छाती झाली नाही. उचलला असता तर विल्फने सांगितलं असतं, साहेब, आवाज गेलाय. तुम्ही वाचला असता."

लोमॅक्सने मागे हात नेऊन कठडा धरला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो आता इतका लहान दिसत होता की मी नजर वळवली.

"विमानदलात तुमच्या नावाचा वैमानिक नाही," ऑर्मरॉड म्हणाला. "पायदळातून पळालात ना?"

"नॉर्मंडीतून," लोमॅक्स म्हणाला. त्याचं गोड बोलणं कुठल्या कुठे गेलं, लंडनच्या गल्लीतलं उरलं. "तीन वर्षं. दर वेळी नवं नाव, नवं रेशनकार्ड. कुठे कुणी बूट वाजवले तरी मी पलंगाखाली. फेन म्हणाला, सोमवारी कळवतो. हसत म्हणाला, फोन कुणाला करू, पोलिसांना की लष्कराला? आणि पाठ फिरवून चहाची वाट बघत बसला. रेडिएटरवर तो पाना होता. सकाळी त्या पोराने तिथेच विसरलेला."

"आणि त्या पोराच्या मानेला दोर लागला असता," मी बोलून गेले. "माझ्याकडे दयेने बघितलंत तुम्ही! दयेने!"

क्रॅबट्रीने तीच बेडी काढली.

७

विल्फ सोमवारी संध्याकाळी घरी आला. डोरिस त्याला आणायला गेली होती, पण दारापाशी ती म्हणाली, "आज तुम्ही दोघंच बसा, मावशी." शहाणी पोर आहे.

मी भट्टीत भाजून बटाट्याची पाई केली होती. आठवड्याच्या रेशनचं सगळं मटण त्यात घातलं. तो जेवला, पण खाली बघत. गल्लीत अजून कुणी परतलं नव्हतं, त्यामुळे काटाचमच्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. मी काहीबाही बडबडत होते. ऑर्मरॉडने तुझी माफी मागितलीय, क्रॅबट्रीने कोबीचा गड्डा पाठवलाय, गाढवाने कोबी पाठवला!

तो हसला नाही. काटा खाली ठेवून म्हणाला, "मावशी, जेलमध्ये गेल्या गेल्या त्यांनी माझी उंची घेतली. मग काट्यावर उभं केलं."

"सगळ्यांचंच घेत असतील रे."

"हो. वॉर्डर तसंच म्हणाला." त्याने ताट थोडं पुढे सरकवलं. "पण फाशीच्या दोराची लांबी वजनावरून ठरवतात ना? रात्रभर मला वाटत होतं, कमी खायला हवं होतं का, की जास्त? कशाने लवकर होतं?"

मी उठले, त्याच्या मागे गेले आणि दोन्ही हातांनी त्याची मान धरली, लहानपणी अंघोळ घालताना धरायची तशी. ती गरम होती. किती वेळ धरून उभी होते कुणास ठाऊक. ताटातली पाई गार झाली, तरी त्याने मला हात काढ म्हटलं नाही.